हायड्रॉलिक क्लचच्या द्रवाची निवड : बालाघाटातील गाडीमालकांसाठी

बीड जिल्ह्यात ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे, त्याच्या गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये निरनिराळ्या तेलांचे डबे ओळीने मांडलेले असतात : इंजिन ऑइलचा, गिअर ऑइलचा, ग्रीसचा, आणि या सर्वांत थोराड असा, ट्रॅक्टरची लिफ्ट व ट्रॉली उलथवणारा जॅक यांच्यासाठी आणलेल्या हायड्रॉलिक ऑइलचा मोठा कॅन. त्याच अंगणात एखादी स्कॉर्पिओ किंवा इनोव्हा उभी असते, आणि तिचा क्लच 'हायड्रॉलिक' आहे एवढे मालकाच्या कानावर आलेले असते. बॉनेट उघडल्यावर क्लचच्या टाकीतला द्रव खाली गेलेला दिसला आणि हाताशी हायड्रॉलिक ऑइल आयतेच पडलेले असले, म्हणजे त्यातले पेलाभर ओतण्यास हरकत ती कोणती, असा विचार मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु त्या पेलाभर तेलाने क्लचची, आणि पुष्कळदा त्याच्या जोडीने ब्रेकचीही, सगळी रबरी सामग्री कायमची निकामी होते, व जे काम दोन-तीनशे रुपयांच्या बाटलीत भागले असते त्याचा हिशेब हजारांच्या घरात जातो. प्रस्तुत लेखाचा प्रपंच मुख्यतः हा एक प्रसंग टळावा म्हणून आहे. बाकीचा तपशील त्याच्या अनुषंगाने येईल.

प्रथम आपली गाडी या प्रकरणाच्या कक्षेत येते की नाही, याचा खुलासा करून घ्यावा. मारुती ८०० किंवा अल्टो यांसारख्या लहान गाड्यांत पॅडलपासून क्लचपर्यंत पोलादी तारेची केबल गेलेली असते. तिला कोणताही द्रव लागत नाही आणि त्या गाड्यांच्या मालकांनी हा लेख येथेच बाजूस ठेवला तरी चालेल. हायड्रॉलिक पद्धतीत पॅडलच्या दांड्याला मास्टर सिलिंडर जोडलेला असतो, त्यातून एक नळी निघून गिअरबॉक्सपाशी असलेल्या स्लेव्ह सिलिंडरला मिळते, आणि द्रव दाबला तरी आकसत नाही या सृष्टिनियमाच्या आधारावर पायाचा दाब जसाच्या तसा रिलीज बेअरिंगपर्यंत पोहोचतो. काही गाड्यांत हा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेर, पान्याच्या टप्प्यात असतो. काहींत तो गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती कड्यासारखा, बेल हाउसिंगच्या आत बसवलेला असतो, आणि तो बदलावयाचा म्हणजे सबंध गिअरबॉक्स खाली उतरवण्यावाचून गत्यंतर नसते. आपल्या गाडीत यांपैकी कोणती रचना आहे हे मिस्त्रीला विचारून ठेवावे, कारण द्रवाच्या बाबतीत हयगय केल्यास किती भुर्दंड बसेल हे त्यावरच अवलंबून आहे.

या दोन्ही सिलिंडरांत दाब अडवून धरण्याचे काम रबराचे लहानसे वॉशर करतात, आणि द्रवाच्या निवडीचा सारा प्रश्न वस्तुतः या वॉशरांच्या प्रकृतीचा प्रश्न आहे. मोटारीच्या ब्रेक व क्लच यंत्रणेत जे ईपीडीएम जातीचे रबर वापरतात त्याला ग्लायकॉल-ईथर वर्गातील द्रव मानवतो, किंबहुना त्याच द्रवासाठी त्याची योजना झालेली असते. पण खनिज तेलाशी गाठ पडताच हेच रबर ते तेल शोषून घेऊन फुगते, मऊ पडते आणि सिलिंडरमध्ये अडकून बसते. ट्रॅक्टरच्या लिफ्टचे तेल, पॉवर स्टिअरिंगचे तेल, इंजिन ऑइल, डिझेल ही सर्व या अर्थाने खनिज कुळातील मंडळी होत. ट्रॅक्टरच्या जॅकमधील सील मात्र दुसऱ्या जातीच्या रबराचे, बहुधा नायट्राइलचे असतात. त्यांना खनिज तेल सोसते आणि ब्रेकचा द्रव सोसत नाही. तेव्हा दोन्ही यंत्रणा 'हायड्रॉलिक' या एकाच नावाने ओळखल्या जात असल्या तरी एकीचे अन्न ते दुसरीचे विष, हे पक्के समजून असावे.

पूर्वीच्या पिढीतील काही मिस्त्री अडीअडचणीला एरंडेल घालण्याचा सल्ला देत असत, आणि तो सल्ला अगदीच निराधार होता असेही म्हणता येत नाही. माल्कम लॉकहीड या अमेरिकन यंत्रज्ञाच्या प्रयत्नांतून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत हायड्रॉलिक ब्रेक प्रचारात आले, त्या सुरुवातीच्या काळात एरंडेल व अल्कोहोल यांचे मिश्रण हाच ब्रेकचा द्रव असे, आणि त्या वेळच्या नैसर्गिक रबराला ते बाधत नसे. आपल्या भागापुरते बोलायचे तर १९३२ साली निजाम स्टेट रेल्वेच्या मोटार खात्याने २७ बसगाड्यांनिशी हैदराबाद संस्थानात सरकारी वाहतूक सुरू केली, तेव्हा क्लच बव्हंशी सळया आणि तरफा यांच्या जोरावर चालत व असल्या द्रवाचा प्रश्नच उद्भवत नसे. आजच्या गाडीत एरंडेलाला स्थान नाही. ज्याच्या संग्रही एखादी जुनी विलायती मोटार असेल त्याने तिच्या मूळ पुस्तिकेबरहुकूम चालावे.

आता दुकानात मिळणाऱ्या जिनसांकडे वळू. क्लचसाठी म्हणून निराळा द्रव सामान्यतः नसतोच. ब्रेकला जो द्रव लागतो तोच क्लचला लागतो, मग बाटलीवर 'ब्रेक फ्लुइड' लिहिलेले असो की 'ब्रेक अँड क्लच फ्लुइड'. त्याची प्रतवारी 'डॉट' या अमेरिकन शासकीय मानकाच्या आकड्यांनी होते, आणि आपल्याकडे त्याच्या जोडीला भारतीय मानक आयएस ८६५४ चा उल्लेख बाटलीवर आढळतो. डॉट ३ चा कोरा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट आहे, डॉट ४ साठी ही मर्यादा २३० अंश, तर डॉट ५.१ साठी २६० अंश. पण हे आकडे बाटली नुकतीच फोडलेली असतानाचे. द्रवात ३.७ टक्के पाणी मुरल्यानंतरची मर्यादा निराळी मोजतात, आणि ती अनुक्रमे १४०, १५५ व १८० अंशांवर येते. जाहिरातीत पहिला आकडा मोठ्या अक्षरांत छापतात. गाडीत मात्र दिवसेंदिवस आपला व्यवहार दुसऱ्या आकड्याशी होत असतो, म्हणून बाटली विकत घेताना त्याच्याकडेच लक्ष द्यावे.

डॉट ५ हा आकडा या रांगेत मधोमध घुसलेला एक उपटसुंभ आहे. तो ग्लायकॉलचा नसून सिलिकोनचा द्रव आहे. डॉट ३ व डॉट ४ यांच्यात तो मिसळत नाही, आणि तो पाणी शोषत नसल्यामुळे यंत्रणेत शिरलेले पाणी थेंबाथेंबाने सखल जागी साचून तेथील धातू गंजवते. त्याचा जांभळा रंग पाहून तरी ग्राहकाने सावध व्हावे. डॉट ५.१ हा नावाने त्याचा धाकटा भाऊ वाटला तरी तो ग्लायकॉल कुळातलाच असून डॉट ४ शी निर्वेधपणे मिसळतो. या नामकरणाने जगभर जो घोटाळा माजवला आहे त्याची जबाबदारी मानक ठरवणाऱ्यांनी कधी घेतल्याचे ऐकिवात नाही. याखेरीज काही परदेशी बनावटीच्या गाड्यांत खरोखरीच खनिज तेलावर चालणारी यंत्रणा असते. सित्रोएनच्या जुन्या गाड्यांतील हिरव्या रंगाचे एलएचएम हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. अशा गाडीत ब्रेक फ्लुइड ओतणे हा तितकाच मोठा अपराध ठरतो, आणि म्हणूनच कोणताही सर्वसाधारण नियम सांगण्यापूर्वी टाकीच्या झाकणावर काय कोरले आहे ते वाचण्याचा आग्रह धरावा लागतो. झाकणावरचा मजकूर हा या प्रकरणातील अंतिम दस्तऐवज होय. मिस्त्रीचा अनुभव, दुकानदाराची शिफारस आणि प्रस्तुत लेखकाचे मत या तिन्ही गोष्टी त्याच्या खालच्या.

झाकणावर डॉट ३ असेल तर डॉट ३ किंवा डॉट ४ घालावे. डॉट ४ असेल तर डॉट ४ च घालावे, आणि त्यात डॉट ३ मिसळण्याची मुभा फक्त वाटेत अडल्यावर घ्यावी. निरनिराळ्या कंपन्यांचे एकाच प्रतीचे ग्लायकॉल द्रव एकमेकांत मिसळले तर अपाय होत नाही, तेव्हा छापावरून वाद घालण्यात हशील नाही. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक गाडीमालकांसाठी ताज्या बाटलीतील डॉट ४ हे माझ्या मते पुरेसे उत्तर आहे. डॉट ५.१ साठी अधिक पैसे मोजण्याचे विशेष प्रयोजन दिसत नाही, कारण त्याचा एक मोठा गुण म्हणजे उणे ४० अंशांच्या थंडीतही पातळ राहणे, आणि आष्टी-पाटोद्याच्या पठारावर पौषात कितीही गारठा पडला तरी त्या गुणाची कसोटी लागण्याचा संभव नाही. मात्र काही नव्या गाड्यांच्या ब्रेकमधील इलेक्ट्रॉनिक यंत्रणेसाठी निर्मात्याने मुद्दाम कमी दाटपणाचे डॉट ४ सांगितलेले असते. क्लच व ब्रेक यांची टाकी एकच असेल तर तो हुकूम क्लचलाही लागू होतो.

क्लचचा द्रव ब्रेकच्या द्रवाइतका तापत नाही, हे खरे. पण उसाच्या हंगामात मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या घाटात, दोन ट्रॉल्या ओढत चढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे ज्यांनी अर्धा क्लच दाबून गाडी हळूहळू रेटली आहे, त्यांना क्लच प्लेटचा करपट वास परिचित असेल. त्या वेळी बेल हाउसिंगमधील उष्णता वाढत जाते, आणि स्लेव्ह सिलिंडर आतल्या बाजूस असेल तर त्यातील द्रव त्या भट्टीतच शिजत राहतो. जुन्या, पाणी मुरलेल्या द्रवातून अशा वेळी वाफेचे बुडबुडे निघतात. वाफ दाबली की आकसते, आणि पॅडल पायाखाली पोकळ लागू लागते. गाडी निवल्यावर पॅडल पूर्ववत होते, म्हणून मालक निर्धास्त राहतो, व पुढल्या घाटात तोच प्रकार पुन्हा घडतो. अर्धा क्लच दाबून धरण्यापेक्षा समोरच्या ट्रॅक्टरला थोडे अंतर पडू देऊन मग पहिल्या गिअरमध्ये सलग चढणे, ही सवय कोणत्याही महागड्या द्रवापेक्षा अधिक गुणकारी आहे.

ग्लायकॉलचा द्रव हवेतील ओलावा ओढून घेतो. पावसाळ्यात मिठाला जसे पाणी सुटते तसाच हा प्रकार, फक्त येथे ते पाणी डोळ्यांना दिसत नाही. आपला मुलूख अवर्षणाचा असला तरी या द्रवाला बाधण्यापुरता ओलावा जून ते सप्टेंबर या महिन्यांत येथेही असतो, आणि तो टाकीच्या झाकणातील श्वासछिद्रातून व रबरी होजमधूनही आत झिरपतो. यावरून खरेदीचा नियम निघतो तो असा की, बाटली लहानात लहान घ्यावी, झाकणाखालचा सीलबंद पापुद्रा शाबूत आहे ना व बनावटीची तारीख जुनी नाही ना हे पाहावे, आणि उरलेला द्रव पुढल्या वर्षासाठी म्हणून ठेवू नये. एसटी स्टँडच्या आसपासच्या अनेक गॅरेजांत खिळ्याला टांगलेली, बूच हरवलेली अर्धी बाटली असते आणि मिस्त्री प्रेमाने तिच्यातले दोन घोट आपल्या गाडीत ओततो. त्याच्या हेतूविषयी शंका नाही. तथापि आपली बाटली आपण घेऊन जावी आणि आपल्यादेखत फोडावी, हे बरे.

टाकीतील पातळीविषयी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ब्रेकचे पॅड झिजत गेले की ब्रेकच्या टाकीतील द्रव हळूहळू खाली जातो, आणि ते स्वाभाविक असते. क्लचचे गणित याच्या उलट आहे : बहुतेक रचनांत प्लेट झिजते तसा स्लेव्हचा पिस्टन मागे सरतो, नळीतला द्रव वर ढकलला जातो व टाकीतील पातळी किंचित वाढते. अर्थात क्लचची टाकी स्वतंत्र असेल आणि तिच्यातला द्रव कमी झाला असेल, तर तो कोठेतरी गळतोच आहे असे निःशंकपणे समजावे. वरून भर घालून समाधान मानणे म्हणजे केवळ गळतीला मुदतवाढ देणे होय. टाकी काठोकाठ भरू नये, वरच्या रेषेच्या खालीच थांबावे, ते याच कारणासाठी. सामाईक टाकीत क्लचची नळी बहुधा ब्रेकच्या नळीपेक्षा उंचावर काढलेली असते, म्हणजे क्लच गळू लागला तरी ब्रेकच्या वाट्याचा द्रव टाकीत शिल्लक राहतो. अशा गाडीत पॅडल अचानक बसले तर तो ब्रेकविषयीचाही इशारा समजावा.

गळती शोधण्यासाठी फार विद्वत्तेची गरज नाही. पॅडलचा दांडा जेथे पत्र्यातून आत जातो तेथे, ड्रायव्हरच्या पायाशी, बोट फिरवून पाहावे. ओले लागले तर मास्टर सिलिंडरचे वॉशर गेले. बाहेरच्या स्लेव्हवरील रबरी टोपी उचलून पाहावी. आत ओल असेल तर दोष तेथे. बेल हाउसिंगच्या खालून थेंब पडत असतील तर ते इंजिन ऑइल की क्लचचा द्रव हे ठरवण्यास एका पेल्यात पाणी घेऊन त्यात थेंब टाकावा : ग्लायकॉलचा द्रव पाण्यात विरघळून नाहीसा होतो, तेल तरंगते. हीच परीक्षा टाकीतील द्रवावरही करता येते, आणि जुनी गाडी विकत घेताना ती अवश्य करावी. टाकीच्या झाकणाखालची रबरी पडदी फुगलेली, सुरकुतलेली किंवा जागेवर बसेनाशी झालेली दिसली, तर कोणीतरी पूर्वी खनिज तेल ओतले असण्याचा दाट संशय घ्यावा आणि तो व्यवहार तूर्त तहकूब ठेवावा.

द्रव बदलण्याची मुदत बहुतेक निर्माते दोन वर्षे किंवा त्याच्या आसपास सांगतात. आपल्याकडे दसऱ्याला, खंडेनवमीला वाहने धुऊन-पुसून त्यांची पूजा होते. पावसाळा नुकताच सरलेला असतो, साखर कारखान्यांचे गाळप सुरू व्हायचे असते, आणि टोळ्या व मुकादम यांच्या गाड्यांची धावपळ त्यानंतरच वाढते. एक दसरा सोडून दुसऱ्या दसऱ्याला क्लचचा द्रव बदलण्याचा शिरस्ता ठेवला तर तारीख लक्षात ठेवण्याचे कष्ट वाचतात. क्लचची नळी एकेरी असल्यामुळे द्रव तिच्यात फिरत नाही. टाकीतला काळा द्रव काढून नवा ओतला म्हणजे काम झाले, हा समज चुकीचा आहे, कारण सर्वांत वाईट द्रव स्लेव्हपाशी तळात बसलेला असतो. त्यासाठी स्लेव्हच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोडा स्वच्छ द्रव घेतलेल्या बरणीत बुडवावे, एकाने पॅडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सैल करावे, द्रव बाहेर पडला की निपल आवळावे आणि मगच पहिल्याने पाय उचलावा. हा क्रम नळीतून स्वच्छ, बुडबुड्यांविना द्रव येईपर्यंत चालवावा, आणि तेवढ्या वेळात टाकी रिकामी पडू देऊ नये, अन्यथा हवा शिरून सगळा खटाटोप पहिल्यापासून करावा लागतो. गाडीच्या रंगावर द्रव सांडला तर तत्काळ भरपूर पाण्याने धुवावा, कारण तो रंग खातो.

आणि एवढे सांगूनही चुकीचे तेल ओतले गेलेच तर? इंजिन सुरू करू नये आणि पॅडलला पायही लावू नये. सामाईक टाकी असेल तर ब्रेकलाही नाही. जोवर पॅडल दाबले गेले नाही तोवर तेल बहुधा टाकीतच असते, आणि कुशल मिस्त्री टाकी उतरवून, ती व झाकणाची पडदी बदलून यंत्रणा वाचवू शकतो. गाडी मात्र ओढूनच न्यावी, तीही चाके उचलून. पॅडल दाबून गाडी चालवली गेली असेल तर मास्टर व स्लेव्हचे किट, रबरी होज, आणि तेल ब्रेककडे गेले असल्यास ब्रेकचे सर्व रबरी भाग बदलणे भाग आहे. नुसता द्रव बदलून 'बघू काही दिवस' म्हणणाऱ्या मिस्त्रीचे ऐकू नये; फुगलेले रबर पुन्हा मूळ मापावर येत नाही, आणि येथे ब्रेकचा संबंध असल्यामुळे काटकसरीला जागा नाही.

काढलेला द्रव पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून शेडमध्ये ठेवू नये. तो विषारी असून पोराबाळांनी पाणी समजून तोंडाला लावल्यास जिवावर बेतते. विहिरीच्या किंवा हौदाच्या आसपास ओतू नये. वापरलेले ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजकडे स्वतंत्र डब्यात द्यावा.

राहिला प्रश्न वाटेत अडण्याचा. घाटात पॅडल एकाएकी बसले तर गाडी कडेला घेऊन हँडब्रेक लावावा, चाकामागे दगड ठेवावा आणि यंत्र निवू द्यावे. पॅडल पुन्हा पुन्हा दाबून पकड परत येते का पाहावे. टाकी रिकामी असेल तर पाणी, इंजिन ऑइल किंवा ट्रॅक्टरवाल्याने दिलेले तेल यांपैकी काहीही न ओतता, जवळच्या गावातून डॉट ३ किंवा डॉट ४ ची बंद बाटली मागवावी. तिने तेवढी मजल गाठता येते. पॅडल तरीही बसलेलेच राहिले, तर सपाट रस्त्यावर, मागे-पुढे कोणी नसताना, ब्रेकची खात्री करून, इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाकावा व स्टार्टर मारावा. गाडी हिसका देऊन चालू लागते आणि त्याच गिअरमध्ये सावकाश गॅरेजपर्यंत जाता येते. चढावर किंवा बाजाराच्या दिवशी गर्दीत मात्र हा प्रयोग करू नये. तेथे ओढून नेणारी गाडी बोलावावी.